मागच्या खिडकीचा रहिवासी

तमादित, मंगळवार
(बर्फ थांबलंय, चिखल सुरू झालाय)

माझ्या मोठ्या बहिणीला, यामनाताईला, रहिमूचा सलाम. अल्ला तुझ्या गुडघ्यांना बळ देवो, भावोजींच्या शिवणयंत्रापुढे गिऱ्हाइकांची रांग लावो, आणि तुझ्या सासूबाईंना शंभर वर्षं आयुष्य देवो, त्यातली शेवटची काही जरा कमी ऐकू येणारी. पत्र लिहायला कारण त्याच आहेत. फोनवर मी चार वेळा सांगायचा प्रयत्न केला, पण तुझे हात कणकेत असतात म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि सासूबाईंचे कान कणकेत नसतात म्हणून त्या जवळ येऊन बसतात. तेव्हा हे एकटीने वाच. मोरीत वाच, गच्चीवर वाच, कुठेही वाच.

पण आधी एक काम कर. पत्र घेऊन आलेल्या माणसाला आत घे आणि चहा दे. तो नको म्हणेल, घाई आहे म्हणेल, खाली गाडी थांबलीय म्हणेल. गाडी वगैरे काही नाही. पुदिना सढळ हाताने घाल, साखरेचा डबा त्याच्यासमोरच ठेव, आणि मग हे घेऊन बस. (अक्षराला हसू नकोस. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात तीन हिवाळे बसून मी लिहायला शिकले, आणि आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब म्हणजे रॉकेलच्या डब्यावरचं 'पिऊ नये'.)

तू बरी आहेस ना? गुडघ्याला ऑलिव्हचं तेल गरम करून लावतेस ना? माझी लेक नुन्जा त्रास देत नाही ना? ती तुझ्याकडे राहून नर्सिंग शिकतेय हे तुझे उपकार मी विसरले नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना माझा हात जड झालाय. ताई, माझ्या नवऱ्याबद्दलचं एक छोटं खोटं कबूल करायचंय. म्हणजे खोटं छोटंच होतं, फक्त त्याला एकोणीस वर्षं झाली.

शुऐब स्पेनमध्ये नाही. तो स्पेनमध्ये कधीच नव्हता. तो घरी आहे.

आता बस जरा. दर ईदला तुला जो स्पेनचा साबण आणि बदामाची चॉकलेटं मिळायची ती मी इस्सागेनच्या आठवडी बाजारातून आणायचे. एका वर्षी साबणावर बाजारवाल्याची चिठ्ठी तशीच राहिली होती आणि तू फोनवर म्हणालीस की स्पेनमध्येही आपली लिपी चालते की काय. मी म्हटलं, आपली माणसं सगळीकडे पोचलीत. त्यानंतर दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. आणि तुझ्या सासूबाईंनी जेव्हा हिशेब मांडला की नुन्जाचा जन्म शुऐब देश सोडून गेल्यानंतर चौदा महिन्यांनी झाला, तेव्हा तू सगळ्या बायकांत उभी राहून म्हणालीस की तो मधे सुट्टीवर आला होता, मी स्वतः पाहिलंय. तू काहीही पाहिलेलं नव्हतंस. माझ्यासाठी तू डोळे मिटून खोटं बोललीस, आणि मी तुला खरं सांगितलं नाही. हे मला रोज टोचतं. रोज म्हणजे अगदी रोज नाही, पण साबण पाहिला की टोचतंच.

झालं काय होतं ते सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी कोणीतरी खालच्या ठाण्यात बिननावाची चिठ्ठी टाकली, की तमादितचा शुऐब गांजा लावतो. (तमादितमध्ये दगड सोडून सगळेच गांजा लावत होते, पण चिठ्ठीत नाव त्याचं होतं.) चिठ्ठी कोणी लिहिली ते आजतागायत कळलेलं नाही, त्यामुळे गावात सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात. पोलीस पुढच्या दाराने आले आणि शुऐब मागच्या खिडकीतून गेला. गेला म्हणजे देवदाराच्या रानापर्यंत. संध्याकाळी त्याच खिडकीतून परत आला आणि म्हणाला, सूप आहे का. तेव्हापासून त्याचं नाव यादीत, आणि तो खिडकीत.

एकोणीस वर्षांत तो रानाच्या खाली उतरला नाही. बाजार नाही, दवाखाना नाही, कोणाचं लग्न नाही. आपले अब्बा गेले तेव्हा तू आली होतीस, आठवतं? दफन चालू असताना समोरच्या कड्यावर एक मेंढपाळ उभा होता आणि तू विचारलंस, याच्या मेंढ्या कुठे आहेत? मी म्हटलं, तो दगड आहे. दगडाने डोळे पुसले तेव्हा तू दुसरीकडे बघत होतीस हे नशीब. आपल्या घरात जेवायला तो नेहमी दाराकडे तोंड करून बसतो, बूट घालून. चहा अर्धाच पितो. पुरा चहा पिण्याइतका निवांत मी त्याला कधी पाहिलाच नाही. आणि गावाची शिस्त तर काय सांगू. कोणीही परका आला आणि 'शुऐब' म्हणाला की लहानथोर सगळे एका सुरात सांगायचे, असा कोणी इथे नाही. हद्दूम खाला (माझी शेजारीण, तुला तिच्या शेळीने लाथ मारली होती ती) याच्याही पुढे जायची. ती त्याला मारून टाकायची. कोणत्या साली गेला, कशाने गेला, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कुसकुस कोणी केला आणि त्यात मनुका कमी कशा पडल्या, सगळं सांगून रडायची. एकदा मीच ते ऐकून रडले.

आमचे मुकादम सी अब्दस्लाम तर सरकारचाच माणूस. गावात कोण आहे, कोण नाही, हे वर कळवणं हेच त्यांचं काम. दर वर्षी ते माझ्याच घरी बसून, माझाच चहा पिऊन, 'शुऐब बेपत्ता' असं लिहायचे, आणि लिहून झालं की पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, तुझ्या खोकल्याला मध घे रे. खोकला मात्र त्यांनी कधी वर कळवला नाही.

मग चार वर्षांपूर्वी कायदा आला. आता गांजा लावायला परवानगी, पण औषधासाठी, तेलासाठी, साबणासाठी, आणि कागदावर. आपल्या बावीस घरांची सहकारी संस्था झाली. ताई, तुला शहरात वाटत असेल की परवानगी म्हणजे पूर्वी चोरून करायचं ते आता उघड करायचं. तसं नसतं गं. पूर्वी सरकार आम्हाला शोधत यायचं, आता आम्ही सरकारला शोधत फिरतो, आणि ते आमच्यापेक्षा छान लपतं. एका कागदासाठी ज्या खिडकीवर जावं ती दुसऱ्या खिडकीवर पाठवते. आपलं शेत मोजायला एक यंत्र आलं. आपलं शेत म्हणजे तुला माहीत आहे, डोंगराच्या सात पायऱ्या, त्यातली एक माझ्या गोधडीएवढी. यंत्राने नकाशात ते शेत हद्दूम खालाच्या विहिरीत दाखवलं. दुरुस्तीला पाच महिने. मग प्रशिक्षण झालं. स्वच्छ बुटातला एक पोरसवदा साहेब खालून आला आणि बी किती खोल पेरायचं ते त्याने हद्दूम खालाला शिकवलं. ती साठ वर्षं पेरतेय. तिने सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, बाळा, तुझी आई आहे ना? म्हणजे तुला कोणी जेवायला घालतं ना? त्याने पहिल्या वर्षी परदेशी बी दिलं, जे शेळीच्या पिल्लासारखं सारखं पाणी मागायचं. खाली सपाटीवर मोठ्या कंपन्यांची शेतं आहेत, तिथे नळ्यांनी थेंबथेंब पाणी देतात. आमच्याकडे थेंब आभाळातून येतो, तोही त्याच्या सवडीने. दुसऱ्या वर्षी आपलं गावठी बी चालेल असं झालं, तेव्हा मी सासऱ्यांचा बियांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला आणि त्याला पुसताना, खरं सांगते, पापा घेतला.

पण डबा आहे म्हणून पेरता येत नाही. आपलं शेत शुऐबच्या नावावर. मी म्हटलं, माझ्या नावावर परवाना द्या. तर म्हणाले, नवऱ्याची लेखी संमती आणा. मी म्हटलं, तो बेपत्ता आहे, तुमच्याच कागदात आहे. म्हणाले, मग त्याला शोधून संमती आणा. तीन वर्षं संस्थेतल्या बाकी एकवीस घरांनी कायद्याने पेरलं आणि आम्ही सात पायऱ्यांवर वाल आणि बार्ली लावून बसलो. बार्लीने दोघांचं पोट भरतं, पण नुन्जाचं कॉलेज बार्लीवर चालत नाही. शुऐब खिडकीतून शेजाऱ्यांच्या शेताकडे बघायचा. त्यांनी खुरपणीला उशीर केला की आत येऊन मला रागवायचा.

गेल्या ऑगस्टात माफी जाहीर झाली. यादी मशिदीच्या भोंग्यावरून वाचली आणि त्यात त्याचं नाव आलं. तू म्हणशील, काय आनंद झाला असेल. भोंग्यावर स्वतःचं नाव ऐकल्याबरोबर तो मागच्या खिडकीतून गेला आणि तीन दिवस आला नाही. मी रानात जाऊन सांगितलं, माफी झालीय. म्हणाला, माफी झालेल्या माणसांना पकडणं सोपं जातं, सगळी एका जागी सापडतात. मग हळूहळू घरी झोपायला लागला, बूट घालून. पुढच्या दाराने मात्र नाही. त्या दाराची त्याला ओळखच राहिली नव्हती.

आता परवाना घ्यायचा तर ओळखपत्र हवं (जुन्यावरच्या फोटोत तुला आठवतो तो मिशीवाला आहे), आणि ओळखपत्राला रहिवासी दाखला हवा, आणि दाखल्याला चौकशी हवी. अधिकारी गावात येणार, शेजाऱ्यांना विचारणार, माणूस इथेच राहतो याची खात्री करणार. मुदत जानेवारीच्या अखेरीपर्यंत. त्यानंतर यंदाच्या यादीतून नाव गेलं. आणि नाव गेलं तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. शुऐबने चौथं वर्ष बार्ली लावली नसती. डबा घेऊन गेला असता वरच्या कड्यामागे आणि चोरून पेरलं असतं. माफी काही दर वर्षी येत नाही, ताई. पुन्हा एक चिठ्ठी पडली असती आणि पुन्हा खिडकी, तीही वयाच्या पन्नाशीत, दुखऱ्या कमरेने.

तर अधिकारी आली. लमिया नाव, नुन्जाहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, खालच्या सपाट मुलखातली. घाटाच्या वळणांनी तिचा चेहरा लिंबासारखा झाला होता. हिवाळ्यात आपल्या गावात घरोघरी जो वाळलेली गांजाची झाडं बडवायचा आवाज असतो, तो सरकारी गाडी दिसताच एकदम थांबला, एकवीसच्या एकवीस घरांतून. (हे लोक परवानगीचंच पीक बडवत होते. थांबायचं काही कारण नव्हतं. हात आपोआप थांबले.) लमिया उतरली आणि म्हणाली, किती शांत गाव आहे. मुकादम म्हणाले, हो, इथे कोणी काही करत नाही.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं होतं. घरोघरी गेले. उद्या विचारतील, उद्या 'आहे' म्हणायचं. सगळ्यांनी छातीवर हात ठेवला. हद्दूम खालाने तर रोटीची शपथ घेतली. शुऐबला मी नवा पायघोळ जेल्लाबा घातला, दाढी विंचरली, आणि चुलीपाशी बसवून सांगितलं, हलायचं नाही.

लमियाने पहिल्याच घरी विचारलं, शुऐब इथे राहतो का? घरधनी, ज्याच्याबरोबर शुऐब रोज संध्याकाळी डाव मांडतो, त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं की असा कोणी इथे नाही. सांगितलं आणि तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी हद्दूम खाला. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता सांगते, आणि तिचे डोळे भरून आले. मनुका कमी पडल्या तिथपर्यंत ती पोचली तेव्हा मी तिच्या पायावर पाय दिला. तिला वाटलं मी तिला सावरतेय, म्हणून ती आणखी रडली. लमियाने वहीत काहीतरी लिहिलं. मुकादम आभाळाकडे बघत होते.

मग ती माझ्याकडे वळली. घाटाने थकलेली होती बिचारी, पण आवाज गोड. म्हणाली, ताई, शुऐब तुमचे कोण?

आणि ताई, अल्लाशपथ, मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "कोण शुऐब?"

ते मला अजून ऐकू येतं. बावीस वर्षांचा संसार, त्यात एकोणीस वर्षं मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की ते माझं राहिलंच नव्हतं, ते शिंकेसारखं आलं. मी इतरांना रागवत होते, आणि माझ्याच तोंडाने माझा नवरा पुसून टाकला. लमियाने वही मिटायला घेतली. मी म्हटलं, थांबा, चहा घ्या, आत या, आत आहे तो. चुलीपाशी गेलो. चुलीपाशी नवा जेल्लाबा होता, घडी करून ठेवलेला. माणूस नव्हता. गाडीचा आवाज ऐकला असणार.

लमिया बसली. चहा प्यायली, थोडा रंग आला तिच्या गालांवर. मग ती खोलीभर बघायला लागली. पुढच्या दाराकडे पाहिलं, तिथल्या उंबऱ्याचा रंग अजून नवा. मग मागच्या खिडकीकडे पाहिलं. ताई, त्या खिडकीची चौकट मी रोज पुसते, पण मला कधी दिसली नव्हती. दगड मधोमध खोलगट झालाय, मशिदीच्या पायरीसारखा गुळगुळीत.

"इथून कोण जातं?" तिने विचारलं.

"मांजर," मी म्हटलं. (पुन्हा. माझी जीभ मला दिलीच कोणी?)

ती उठली, खिडकीतून बाहेर डोकावली. बाहेर ताज्या बर्फात पावलं उमटली होती, घरापासून सरळ देवदारांकडे.

"मांजर बूट घालतं?"

मुकादमांना तेव्हा इतका खोकला आला की त्यांना मध द्यावा लागला.

लमिया हसली नाही. ती म्हणाली, मी कागदावर पावलं लिहू शकत नाही, मला माणूस हवा. मला चारच्या आत घाट उतरायचाय. हाक मारा.

हाक मारा, म्हणे. ताई, एकोणीस वर्षांत मी त्याला घराबाहेर नावाने हाक मारलेली नव्हती. घरातही नाही. 'अहो' नाही, 'अरे' नाही, मी भांडं वाजवायचे. एकदा वाजवलं तर जेवायला, दोनदा वाजवलं तर पळ. मी खिडकीशी गेले. आवाज इतका बारीक निघाला की शेळीसुद्धा वळली नाही. मागून हद्दूम खाला म्हणाली, अगं मेलेल्या माणसाला हाक मारते आहेस, जरा जोरात मार. मग मी चौकटीवर हात टेकले, त्या खोलगट जागेत, आणि ओरडले, "शुऐब!" ते डोंगरावर जाऊन परत आलं. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा मला गंमत वाटायला लागली. तिसऱ्यांदा रडू आलं. आख्खं गाव दारात येऊन उभं होतं.

तो आला. खांद्यावर बर्फ, दाढीत देवदाराच्या सुया, आणि सवयीने खिडकीकडेच. लमिया म्हणाली, भाऊ, दाराने या. तो घराला वळसा घालून पुढे आला आणि दाराची वरची चौकट त्याच्या कपाळावर बसली. एवढ्या वर्षांत दार किती ठेंगणं आहे ते तो विसरला होता. लमियाने वही उघडून विचारलं, नाव काय? आणि माझा शहाणा नवरा, कपाळ चोळत, मान खाली घालून म्हणाला, मी लाकूड विकायला आलोय बाई, मी इथला नाही.

आता मात्र मला राग आला, आणि राग आला ते फार बरं झालं. मी त्याचा हात धरला, सगळ्यांच्या समोर, आणि म्हटलं, "हा शुऐब. हा माझा नवरा. हा इथेच राहतो."

लमियाने लिहून घेतलं. मग मुकादमांना विचारलं, कधीपासून राहतात? मुकादम घामाघूम. एकोणीस कागदांवर त्यांची सही, बेपत्ता म्हणून. ते म्हणाले, आजपासून, बाई. दुपारी दोनपासून. मग चाचरत विचारलं, माझे जुने कागद वर कोणी वाचतं का? ती म्हणाली, मी वाचलेत. सगळे. तुमच्या कागदांप्रमाणे या गावात एकही तरणा पुरुष राहत नाही आणि दर वर्षी पाच-सहा बाळं जन्मतात. मुकादम म्हणाले, इथली हवा चांगली आहे. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, दाखल्यावर 'जन्मापासून' असं लिहिलं, आणि मुकादमांनी डोळे मिटून शिक्का मारला. डोळे मिटल्यामुळे पहिला माझ्या पोळपाटावर बसला, तो अजून आहे. जाताना मी तिला घाटासाठी लिंबू दिलं आणि नुन्जाचा लोकरीचा रुमाल. नुन्जाला सांगू नकोस.

परवाना गेल्या आठवड्यात आला. पलीकडच्या महिन्यात पेरणी. परवान्यावर अटी इतक्या आहेत की वाचताना मला दोनदा दिवा भरावा लागला. किती रोपं, कोणाला द्यायची, देठ कुठे टाकायचे, बी कुठलं, सगळं. यात पुढे जाऊन आपलं भलं होईल की सपाटीवरच्या कंपन्यांचं, मला कळत नाही. संस्थेतल्या लोकांचे चेहरे बघून वाटतं की पुढचे दोन-तीन हिवाळे बार्लीही लावावी लागेल. पण त्या कागदावर शेवटच्या ओळीत 'शेतकऱ्याचे नाव' असं आहे आणि पुढे त्याचं नाव आहे, आणि तो ते माझ्याकडून रोज वाचून घेतो. ऐकताना चहा पितो. अजून अर्धाच.

तुझी गुडघ्यांना तेल लावण्याची वेळ झाली असेल. भावोजींना, सासूबाईंना सलाम. मला माफ कर म्हणत नाही, पुढच्या ईदला आपल्याच गावचा साबण पाठवीन. संस्था आता तो बनवते. वास फार बरा नाही.

तुझी धाकटी,
रहिमू

ता. क. – शुऐबची एक दाढ फार दुखते. एकोणीस वर्षांत डॉक्टर नाही, दोन दाढा हद्दूम खालाने पकडीने काढल्या, तिसरीला तो तिच्यापाशी जायला तयार नाही. तुमच्या तेतुआनला भावोजींच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर आहे ना? तर चार दिवस त्याला तुमच्याकडे ठेवून घ्यावं अशी विनंती आहे. बिछाना दाराजवळ घाल, आणि बुटांवरून काही म्हणू नकोस.

ता. क. – दाढ दुखते हे खरं, पण ती सहा वर्षं दुखतेय. त्याला नुन्जाच्या कॉलेजचं फाटक बघायचंय. तो हे कबूल करणार नाही. ती त्याच्याविषयी मैत्रिणींना 'अब्बा स्पेनमध्ये आहेत' असं सांगते, मीच शिकवलंय. तिला सांग, आता ते सांगायची गरज नाही. मला तिच्या तोंडाची भीती वाटते. माझ्यासारखंच तिलाही ते शिंकेसारखं येईल. ती फाटकातून बाहेर आली की तू शेजारी उभी राहा, आणि लागलंच तर तिच्या पायावर पाय दे.

ता. क. – पत्र घेऊन आलेला माणूस तुला म्हणाला असेल की तो संस्थेचा माणूस आहे, किंवा लाकूडवाला. मिशी आता नाही, दाढी पांढरी आहे, कपाळावर टेंगूळ बघ. तू एवढं वाचेपर्यंत त्याने अर्धा चहा पिऊन ग्लास खाली ठेवला असेल आणि उठून गेला असेल. घाबरू नकोस, लांब जात नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता हे मी त्याला बजावून सांगितलंय, पण तरी एकदा स्वयंपाकघराची मागची खिडकी उघड आणि खाली गल्लीत बघ. आणि हाक मार. नावाने मार, मोठ्याने. सासूबाईंनी ऐकलं तरी चालेल.